पाण्याच्या उलट वाटेने

"पाणी येत नाही" हे वाक्य जाधव मास्तर अपूर्ण मानीत. कोणी दारात येऊन ते उच्चारले की हातातली कपबशी खाली न ठेवता ते विचारीत, "कुठे येत नाही?"

"नळाला."

"कोणत्या?"

"आमच्या मजल्याच्या."

"आणि खालच्या मजल्याच्या नळाला?"

येणाऱ्याने तो पाहिलेला नसे. मग मास्तर शांतपणे म्हणत, "बघून या. तोवर माझा चहा होतो." माणूस पुटपुटत जिना उतरे. परत येई तेव्हा त्याच्याजवळ तक्रारीऐवजी माहिती असे, आणि मास्तरांच्या मते अर्धी दुरुस्ती तिथेच झालेली असे.

परळच्या आमच्या चाळीत मास्तरांचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, आमच्या खोलीच्या दोन दारे पलीकडे होते. ते महापालिकेच्या शाळेत गणित शिकवीत. मी तेव्हा नुकतीच एका प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. अध्यापनाचे शिक्षण मी रीतसर घेतले होते. तरी प्रश्न कसा विचारावा हे मी खऱ्या अर्थाने शिकले ते चाळीच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यापाशी उभी राहून. तिथे आमचा पंप होता.

ज्यांनी अशी व्यवस्था पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. महापालिकेचे पाणी पहाटे येई, पण त्याला वरच्या मजल्यांपर्यंत चढण्याइतका जोर नसे. म्हणून ते आधी अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत साठवीत. तिथून पंप ते ओढून गच्चीवरच्या टाकीत चढवी आणि गच्चीवरून ते मजल्यामजल्याच्या नळांना उतरे. म्हणजे आमच्या बादलीत पडणारे पाणी एकदा वर जाऊन खाली आलेले असे. या लांब प्रवासात ते कुठेही अडू शके. बाहेरून बोलावलेला कारागीर मात्र आला की थेट पंपच उघडी, वायसर बदली, पैसे घेई आणि जाई. आठवड्याने रड तीच.

मास्तरांची रीत उलटी होती. ते सुरुवात नळापासून करीत आणि पाण्याच्या उलट वाटेने मागे मागे जात: नळ, उतरता पाइप, गच्चीवरची टाकी, चढता पाइप, आणि मग पंप. "आधी डोळा, मग कान, मग हात, आणि पाना सगळ्यात शेवटी," असे ते म्हणत. कोनाड्यात शिरण्यापूर्वी इस्त्रीचा पांढरा सदरा काढून, नीट घडी करून, जिन्याच्या कठड्यावर ठेवीत. त्या सदऱ्यावर पाण्याचा थेंब उडालेला त्यांना खपत नसे. पंपाच्या अंगाला हाताचा तळवा लावून ते बराच वेळ उभे राहत. पाहणाऱ्याला वाटावे, तापाच्या रोग्याची नाडी बघत आहेत. पण असे कोणी बोलून दाखवले तर ते चिडत. "पंप रुसला", "पंप दमला" ही भाषा त्यांना अजिबात मान्य नव्हती. "रुसायला मन लागतं. याला फक्त कारण लागतं," असे ते सुनावीत.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. त्यांना समजावून सांगण्याची अनावर हौस होती आणि तिला वेळकाळ नसे. रिकाम्या बादल्या घेऊन बायका ताटकळत असताना ते निर्वात पोकळी म्हणजे काय हे सांगू लागत. अशा वेळी त्यांच्या पत्नी, शांतावहिनी, वरच्या कठड्यावरून म्हणत, "आधी पाणी सोडा, मग व्याख्यान द्या. वर्ग कुठे पळत नाही." बायका हसत. मास्तरही ओशाळून हसत आणि कळ दाबत. पण पाणी चढू लागताच राहिलेले वाक्य पूर्ण करीत. शिवाय ते गात. चळवळीतले पोवाडे त्यांना तोंडपाठ होते आणि सूर मात्र एकाही कडव्याला सापडत नसे. पंपाच्या आवाजात ते गात हेच बरे, असे आमचे वडील म्हणत.

हा पंप त्यांच्या हाती कसा आला, हे सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. मास्तर मूळचे रत्नागिरीकडचे; ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या हात लावू दिला नव्हता, त्या समाजातले. चाळीच्या मालकाला भाडे वेळेवर देणारा भाडेकरू हवा होता. त्याने जात विचारली नाही. चाळीने विचारली. उघडपणे कोणी काही बोलले नाही, परंतु शांतावहिनी नळावर आल्या की काही हंडे भरायचे थांबत आणि त्या गेल्यावर नळ राखेने घासला जाई. हे मी पाहिलेले आहे.

त्या काळी पंपाची किल्ली पहिल्या मजल्यावरच्या परुळेकरांकडे होती. ते एका विमा कचेरीत हेडक्लार्क आणि चाळीच्या कमिटीचे चिटणीस होते. मोठ्या आवाजाचा, हौशी, मदतीला धावणारा माणूस. पण पंपाला पुरता वैतागलेला. सतत बंद पडणाऱ्या त्या यंत्रापायी त्यांना रोज शिव्या खाव्या लागत. एकदा पाणी सलग बंद राहिले आणि मास्तरांनी खालपासून वरपर्यंत हिंडून दोष शोधला. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपाच्या एका सांध्यातून हवा शिरत होती. साबणाचा फेस लावून त्यांनी ती जागा सगळ्यांना दाखवली, सुतळी आणि सफेदा भरून सांधा घट्ट केला. पाणी चढले. परुळेकरांनी त्याच दिवशी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि कुरकुरणाऱ्यांसाठी एक निवाडाही दिला: पंपाचे पाणी लोखंडातून जाते, लोखंडाला विटाळ नाही.

तो निवाडा मास्तरांच्या कानावर गेला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "लोखंड आपल्यापेक्षा शहाणं असतं."

तेव्हापासून चाळीला नियमित पाणी मिळू लागले. ज्याचा हात पाण्याला लागू नये असे लोकांना वाटे, त्याच्याच हाताने कळ दाबल्यावर सगळ्यांचे हंडे भरू लागले. ही विसंगती कोणी बोलून दाखवत नसे. ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षे होती. संध्याकाळी मैदानावर सभा असे तेव्हा परुळेकर आणि मास्तर बरोबरच जात, एकाच सतरंजीवर बसत आणि एकाच घोषणेने दोघांचा घसा बसे. परतल्यावर मात्र परुळेकर पहिल्या मजल्यावर आपल्या दाराशी थांबत आणि मास्तर एकटे वर येत. "या, पाणी प्या," असे तिथे कोणी म्हणत नसे.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला दुर्गाआक्का राहत. मालवणकडच्या, विधवा, एकुलता मुलगा आगबोटीवर नोकरीला. सोवळेओवळे कडक आणि जीभ त्याहून कडक. एका सकाळी वीज गेली होती. मास्तरांनी खालून बादली भरून त्यांच्या दारात नेऊन ठेवली. आक्कांनी पाहिली आणि दार लोटून घेतले. संध्याकाळी मी वर गेले तेव्हा बादली तशीच होती. मास्तरांनी ती उचलली, गॅलरीतल्या तुळशीला घातली आणि ते खाली आले. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा पुन्हा भरून नेली. शांतावहिनी चिडल्या: "कशाला जाता? घेणार नाहीत." मास्तर म्हणाले, "त्यांचा गुडघा दुखतो. जिना त्यांना चढवत नाही. बादली नेण्याचं कारण एवढंच आहे." अशा कितीतरी बादल्या तुळशीला गेल्या. मग एकदा दार अर्धवट उघडून आक्का म्हणाल्या, "ठेव थंयसर, मोरयेत." मोरीत, म्हणजे घराच्या आत. मास्तर चप्पल काढून आत गेले. त्यानंतर त्या त्यांना झिला म्हणू लागल्या. त्यांच्याकडे मुलाला तसेच म्हणतात.

पुढे मास्तरांनी आपल्या समाजाबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. त्यानंतरच्या खंडेनवमीला चाळीपुढे प्रश्न उभा राहिला. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. गिरणीतल्या मागापासून शिंप्याच्या कात्रीपर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ चढते. आमच्या पंपालाही चढे, आणि किल्लीचा मानकरी म्हणून पूजा मास्तरांनी करायची असा रिवाज पडला होता. मास्तरांनी पंप पुसला, तेल घातले, कोनाडा झाडून स्वच्छ केला आणि किल्ली बाहेर ठेवून म्हणाले, "ज्यांना पूजा करायची त्यांनी खुशाल करावी. मी करणार नाही. देखभाल माझी."

परुळेकरांना ते लागले. त्यांनी त्या वर्षी पूजाच होऊ दिली नाही. पण दुपारी कोनाड्यात उदबत्तीचा वास होता आणि पंपावर माळ होती. कोणी घातली याची कोणी चौकशी केली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माळ दिसेनाशी झाली.

आणि चार-पाच दिवसांनी पंप बंद पडला.

बंद पडला म्हणजे फिरत होता, पण पाणी चढवत नव्हता. मास्तरांनी नेहमीच्या वाटेने तपास केला. नळ ठीक, उतरता पाइप ठीक, गच्चीवरची टाकी कोरडी. सांध्यांना फेस लावला. कुठेही हवा शिरत नव्हती. पंपात वरून पाणी ओतून पाहिले. ते खाली उतरत नव्हते, म्हणजे टाकीतल्या पाइपाच्या तोंडाची झडपही शाबूत होती. दोन दिवस गेले. तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण होती. तिच्यासाठी सगळ्यांनी पाणी वाहून चढवले. लोकांचा धीर सुटत चालला आणि मग परुळेकर जिन्यात सगळ्यांसमोर बोलले. पूजा न मानणाऱ्याच्या हाती पंप दिला त्याचे हे फळ. माणूस आपला धर्म सोडतो तेव्हा त्याच्या हाताचा गुण जातो. किल्ली परत घ्यावी.

कोणीतरी मान डोलावली. कोणी खाली पाहिले. मला आठवते, त्या वेळी शांतावहिनींच्या हातात रिकामी कळशी होती आणि ती त्यांनी पोटाशी धरली होती. किल्ली गेली असती तर फक्त किल्ली गेली नसती. नळावरचे जुने दिवस परत आले असते. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते.

संध्याकाळी गॅलरीत कमिटी बसली. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, पण ती सतरंजीवर ठेवली नाही.

"परुळेकर, किल्ली तुमचीच होती. परत देतो," ते म्हणाले. "पण बंद पंपाची किल्ली मी कोणाला देणार नाही. मला चालू पंप मिळाला नव्हता. तुम्हाला मी चालू करून देईन. उद्या सकाळी सगळ्यांनी खाली या. कारण डोळ्यांनी बघा. मग ठरवा."

"आणि कारण सापडलं नाही तर?"

"नसलेली गोष्ट सापडत नाही. कारण आहे."

सकाळी अंगणात चाळ जमली. मास्तरांनी सदऱ्याची घडी कठड्यावर ठेवली आणि पंप सुरू केला. मग त्यांनी आम्हाला गप्प राहून ऐकायला सांगितले. प्रथम पाण्याचा भरीव आवाज आला. हळूहळू तो विरळ झाला आणि पंपात खडे खुळखुळावेत तशी खडखड होऊ लागली. त्यांनी पंप थांबवला, थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा सुरू केला. पुन्हा तसेच: आधी पाणी, मग खडखड.

"काय दिसलं?" त्यांनी वर्गात विचारावे तसे विचारले.

मी म्हणाले, "सुरुवातीला पाणी येतं."

"दर वेळी. म्हणजे वाट कायमची बुजलेली नाही. ओढ लागली की काहीतरी येऊन तोंडाला चिकटतं, ओढ थांबली की सुटून बाजूला होतं. गंज असा वागत नाही. देवाचा कोपही थांबून थांबून होत नसावा, पण त्यातलं मला कळत नाही." मग वर बघून त्यांनी बायकांना विचारले, "शेवटचं पाणी आलं त्याला वास होता का?"

होता. बाळंतिणीच्या सासूने सांगितले, कुजक्या पाल्यासारखा होता. बोलले असते तर मास्तरांच्या हाताला नाव ठेवल्यासारखे झाले असते, म्हणून बोलले नाही.

मास्तरांनी टाकीतल्या पाइपाचा सांधा पान्याने सोडवला. पाइप जड होता, एकट्याला उचलेना. क्षणभर सगळे नुसते पाहत राहिले. मग परुळेकरच धोतर खोचून पुढे झाले, आणि दोघांनी मिळून तो टाकीबाहेर ओढला. खालच्या टोकाला झडप आणि झडपेभोवती जाळी. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळपट-केशरी लगदा बसला होता; त्यात आंब्याची पाने होती आणि एक लांब दोरा.

झेंडू ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. तो तरंगत राहिला असता तर झाकण उघडताच दिसला असता. काही दिवस तरंगला, मग भिजून तळाला बसला आणि तिथे ओढला गेला.

"ही तर पंपाची माळ," परुळेकर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "टाकीत कोणी टाकली?"

मास्तर लगदा निपटून काढत होते. वर न पाहता ते म्हणाले, "पाणी का येत नाही हा प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळालं. कोणी टाकली हे पंपाला ठाऊक असायची गरज नाही."

तेवढ्यात जिन्यावरून काठीचा आवाज आला. आक्का एक एक पायरी उतरत खाली येत होत्या. कितीतरी महिन्यांत त्यांना कोणी खाली आलेले पाहिले नव्हते.

"मियां टाकलंय," त्या म्हणाल्या.

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि परुळेकरांकडे नव्हे, मास्तरांकडे बघून बोलल्या. "तू पूजा करणस नाय. म्हटलं, झिलाक काय होता नये. म्हणान मियां केलंय, तुझ्या नावान. दोनय येळा एका गड्यान धरून खाली हाडल्यान माका. निर्माल्य पायदळी येता नये. न्हेणारे पोर सगळे सभेक गेलेले. टाकयेत पाणी येता, जाता. म्हटलं, ता व्हावताच पाणी."

धम्म घेतलेल्या माणसाच्या रक्षणासाठी त्याच्या नावाने गुपचूप पूजा करणारी आणि त्याच पूजेने त्याला अडचणीत आणणारी ती म्हातारी आमच्यापुढे उभी होती. मास्तरांनी हात पुसले. मी त्यांना त्या एकाच वेळी बोलण्यासाठी शब्द शोधताना पाहिले.

"आक्का," ते शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी निर्माल्य माझ्याकडे द्या. मी चौपाटीवर नेऊन सोडीन."

"तू न्हेशीत?"

"तुमचं आहे ना? मग नेईन."

जाळी धुतली, पाइप बसवला. टाकी पूर्ण उपसून पुन्हा भरली. दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्याचा नळ वाहू लागला. मास्तर सदरा घालून पहिल्या मजल्यावर गेले आणि त्यांनी किल्ली परुळेकरांच्या उंबऱ्यावर ठेवली. "चालू आहे. आता घ्या."

परुळेकर आत आरामखुर्चीत बसले होते. ते उठले नाहीत. किल्ली तिथेच राहिली. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते. दिवेलागणीला परुळेकरांच्या पत्नीने ती उचलली, पदराला पुसली आणि त्या दुसऱ्या मजल्यावर आल्या. शांतावहिनींच्या हातात ती देत त्यांनी विचारले, "उद्या पाणी किती वाजता सोडतील मास्तर? मला डाळ-तांदूळ निवडून धुवायचेत." मग त्या जायला वळल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "जिना चढून घसा सुकला. पाणी देता का?"

शांतावहिनींनी तांब्या-भांडे आणले. परुळेकरवहिनी दारातच बसून प्यायल्या. आम्ही सर्वांनी आपापल्या दारांतून ते पाहिले आणि नंतर आपापल्या कामाला लागलो.

त्या दिवसाबद्दल परुळेकरांनी कधी माफी मागितली नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी टाकीच्या झाकणाला कडी-कोयंडा बसवून घेतला आणि पुढच्या सभेहून परत आल्यावर पहिल्या मजल्यावर मास्तरांना म्हणाले, "चहा टाकलाय." मास्तर आत गेले. आतून निर्वात पोकळीविषयीचे त्यांचे बोलणे बराच वेळ ऐकू येत होते.

मी पुढे लग्न होऊन दादरला आले. शिक्षकी केली, ती निवृत्तीपर्यंत. वर्गात मूल म्हणे, "बाई, गणित येत नाही," तेव्हा मी विचारी, "कुठे येत नाही?" कोणत्या पायरीपर्यंत येते, ते आधी शोधून ये. हे ऋण कोणाचे, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आले. मास्तरांनीही काही वर्षांनी चाळ सोडली आणि उपनगरात घर घेतले. आक्का त्याआधीच गेल्या होत्या.

मास्तरांना मी शेवटचे पाहिले ते दादरच्या चौपाटीवर, दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी. ओल्या वाळूच्या कडेला दोन म्हातारे उभे होते. एकाने पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. दुसऱ्याच्या हातात कागदाची पुडी होती आणि तिच्यातून झेंडूच्या पाकळ्या डोकावत होत्या. ते परुळेकर होते. आक्का गेल्या तरी पंपाची पूजा चालू होती, आणि तिचे निर्माल्य, चाळ सोडल्यावरही, मास्तरांनीच पोहोचवायचे हा आक्कांना दिलेल्या शब्दातून पडलेला रिवाजही. परुळेकरांना पुडी लवकर सोडून घरी जायचे होते, असे त्यांच्या उभे राहण्यावरून दिसत होते. मास्तर हात हलवून त्यांना काहीतरी समजावून देत होते.

मी जवळ गेले तेव्हा शब्द ऐकू आले. "आता टाकलंत तर लाट ती परत तुमच्याच पायाशी आणील. भरती संपू द्या. पाणी मागे फिरलं की आपोआप नेईल."

"किती वेळ?"

"उभे राहा. कळेल."

मी हाक मारली नाही. परुळेकरांनी पुडी दुसऱ्या हातात घेतली, मोकळ्या हाताने मास्तरांच्या खांद्याचा आधार घेतला, आणि दोघे समुद्राकडे पाहत ओहोटीची वाट बघत उभे राहिले.